पांढऱ्या थराचे ऋतू

कारखान्यात पांढऱ्या थराबद्दल कोणी चांगलं बोलत नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पाणी तपासण्याचं काम मी करते. कूलिंग टॉवर, बॉयलर, आरओ, जिथे पाणी फिरतं आणि तापतं तिथे आमच्या नमुन्याच्या बाटल्या पोचतात. कंडेन्सरच्या नळ्यांत नखभर थर बसला तरी उष्णता पलीकडे नीट जात नाही, विजेचं बिल चढतं आणि फोन आम्हाला येतो. थर बसू द्यायचा नाही, बसलाच तर ॲसिड फिरवून काढायचा, एवढंच आमच्या धंद्यात कॅल्शियम कार्बोनेटचं स्थान. मला मात्र हा पदार्थ हळूहळू आवडायला लागला, आणि त्याचं कारण ऋतू.

कूलिंग टॉवरचं गणित सरळ आहे. पाणी वरून खाली पडतं, पंखा हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होतं. जाते ती निव्वळ पाण्याची वाफ; विरघळलेलं सगळं खालच्या टाकीत मागे राहतं. जेवढं पाणी उडालं तेवढं नवं भरायचं, आणि त्या नव्या पाण्याबरोबर नवं कॅल्शियम, नवं मॅग्नेशियम, नवं बायकार्बोनेट येतं. आत येणाऱ्या पाण्यापेक्षा टाकीतले क्षार चौपट झाले की ऑपरेटर म्हणतो, चार सायकल झाल्या. मग ब्लोडाऊन मारायचा, म्हणजे दाट झालेलं पाणी थोडं सोडून द्यायचं. पाणी थर टाकणार की पाइप खाणार, हे आधी ओळखण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या लँगेलियर नावाच्या प्राध्यापकानं १९३६ साली एक निर्देशांक मांडला. पाण्याचा प्रत्यक्ष पीएच आणि कॅल्शियम कार्बोनेटनं संपृक्त असताना त्याचा जो पीएच असायला हवा तो, या दोहोंतला फरक. धन आला तर थर, ऋण आला तर पाइपाची झीज. आजही आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी तो आकडा असतो.

या आकड्यामागे एक साधी रासायनिक घटना आहे. जमिनीतून आलेल्या पाण्यात कॅल्शियम असतं ते बायकार्बोनेटच्या सोबतीनं, आणि ही सोबत टिकते ती पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर. तो वायू निघून गेला की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि कार्बोनेट कॅल्शियमला घेऊन खाली बसतं. वायू घालवायचे मार्ग अनेक. पाणी तापवा, हवेत उडवा, आटवा. चौथा मार्ग शेवाळाचा आहे. शेवाळ उन्हात आपलं अन्न तयार करतं तेव्हा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. मीठ किंवा साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेट मात्र पाणी तापलं की आणखी कमी विरघळतं. म्हणून गीझरची कॉइल पहिल्यांदा पांढरी होते, बाथरूमची बादली नंतर.

मी राहते रहाटणीत. पवनेचं नळाचं पाणी मऊ आहे, पण उन्हाळ्यात ते पुरत नाही आणि सोसायटीला बोअर चालवावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणतेची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. आमची बोअर या दोन आकड्यांच्या मध्ये हिंडत असते. श्रावण-भाद्रपदात खाली उतरते, चैत्रात वर चढते. कठीणता काढण्याची पद्धत जुनीच. नमुन्यात बफर घालायचं, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी टाकायचं, पाणी वाइनसारखं लाल होतं, आणि ब्युरेटमधून ईडीटीए सोडत गेलं की एका थेंबाला ते निळं पडतं. मला हा क्षण इतकी वर्षं झाली तरी कंटाळवाणा वाटत नाही. त्याच बोअरचं पाणी, तीच बाटली, तीच ब्युरेट, पण पावसाळ्यात निळं लवकर येतं आणि मे महिन्यात उशिरा. खडक तोच आहे. त्याच्यातून पाणी किती वेगानं गेलं आणि किती वेळ रेंगाळलं, हे मात्र त्या एका थेंबात समजतं.

एका उन्हाळ्यात मी गच्चीवर बोअरच्या पाण्याचे पसरट ट्रे ठेवले. मला ब्लोडाऊन नसलेली टाकी बघायची होती. कारखान्यात तसं कधी बघता येत नाही, कारण तिथे सगळा खटाटोप त्या टोकापर्यंत न पोचण्यासाठीच असतो. पहिल्या कडक उन्हातच पाण्याच्या पृष्ठभागावर पातळ साय आल्यासारखी तरंगती पापडी धरली. ती उचलून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसली. सूक्ष्मदर्शकाखाली तिरकस चौकोनी स्फटिक दिसले. हे कॅल्साइट. घरच्या गीझरमधून खरवडलेल्या थरात मात्र बारीक सुयांचे जुडगे होते. पदार्थ तोच, कॅल्शियम कार्बोनेटच, पण अणूंची मांडणी वेगळी; त्याला अरागोनाइट म्हणतात. माझ्या एका मैत्रिणीनं दोन्ही नमुने एक्स-रे डिफ्रॅक्शनवर लावून खात्री करून दिली. पाणी खूप तापलेलं असलं, किंवा त्यात कॅल्शियमच्या मानानं मॅग्नेशियम जास्त झालं, की कॅल्साइटची वाढ अडते आणि अरागोनाइटला वाव मिळतो. एकाच बोअरचं पाणी गच्चीवर एक खनिज देतं आणि गीझरमध्ये दुसरं.

ट्रे पूर्ण आटल्यावर तळाशी उरलेल्या कवचानं मला जास्त विचारात टाकलं. कडेचा, म्हणजे आधी बसलेला थर ॲसिडला फसफसला. मधला, सगळ्यात शेवटी सुकलेला, ढिम्म. तिथे जिप्सम होतं आणि मीठ. आधी कार्बोनेट, मग सल्फेट, शेवटी क्लोराइड, असा उतरण्याचा क्रम ठरलेला आहे.

याच सुमारास मोशीकडच्या दगडखाणींच्या खड्ड्यांतले नमुने कामाच्या निमित्तानं हाताखालून जाऊ लागले. पावसाळ्यात हे खड्डे भरतात, मार्गशीर्षापर्यंत पाणी निवळतं, फाल्गुनात हिरवं होतं आणि पुढे काठ उघडे पडत जातात. सकाळी काढलेल्या आणि दुपारी काढलेल्या पाण्याचा पीएच एकच नसतो. रात्री शेवाळ श्वास सोडतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरतो. दुपारच्या उन्हात तो चढतो. पाण्यात बुडालेल्या गवताच्या काड्यांवर राखाडी-पांढरा लेप बसलेला असतो आणि नखानं खरवडला की भुकटी होते. कुठल्याही नकाशावर नाव नसलेली ही पाणथळं वर्षातून एकदा पूर्ण आयुष्य जगतात. मला तिथे टॉवरपेक्षा जास्त शिकायला मिळालं, कारण टॉवरला ऋतू नसतो.

लोणारचा विषय आमच्या एका बॉयलर अटेंडंटनं काढला. आमच्या काळेवाडी-रहाटणी-थेरगाव भागात बुलढाणा, जालना, परभणीकडून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. हे भाऊ मेहकरकडचे. कामावर मला मॅडम म्हणतात, घरी गेलं की ताई. माझे ट्रे पाहून म्हणाले, "ताई, आमच्याकडं हे एवढंच नाही, अख्खं तळं आटतं. माझी आजी तिथल्या खारानं कपडे धुवायची." वैशाखात त्यांच्या गावी लग्न होतं. लग्न उरकलं आणि आम्ही लोणारला गेलो.

वरून ते विवर पाहताना कोणीही गप्प होतं. बेसॉल्टच्या खडकावर अशनी आदळून झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, आणि तळाशी हिरवट पाणी. कड्यावरच्या धारेचं, म्हणजे झऱ्याचं, पाणी गोडं आहे, लोक त्यात स्नान करतात. तेच पाणी खाली तळ्यात उतरतं आणि तिथून पुढे जायला त्याला वाट नाही. वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून कितीतरी जास्त पाणी ऊन उडवून नेतं. झाडीतून उतरून काठाशी पोचलो तेव्हा आधी वास आला, मग काळा चिखल, आणि चिखलावर पांढरं कवच, पाय टाकला की मोडणारं. हे अभयारण्य आहे, इथून काही उचलायचं नसतं, म्हणून मी नुसती उकिडवी बसून पाहत राहिले. भाऊ म्हणाले, "याला ब्लोडाऊनच नाही ना, ताई." मला गच्चीवर जे बघायचं होतं ते इथे हजारो वर्षं चालू होतं.

पण एक मोठा फरक होता. माझ्या ट्रेच्या शेवटी जिप्सम आणि मीठ उरलं होतं. लोणारच्या काठावर उरतो सोडा. तळ्याचं पाणी खारट तर आहेच, पण त्याहून जास्त अल्कधर्मी आहे. पीएच दहाच्या आसपास असतो. एकाच दख्खनच्या खडकातून आलेली दोन पाणी इतकी वेगळी कशी संपतात?

याचं उत्तर हार्डी आणि युगस्टर या दोन भूरसायनशास्त्रज्ञांनी १९७० साली दिलं, आणि मला ते अतिशय सुंदर वाटतं. पाणी आटताना कॅल्शियम आणि कार्बोनेट जोडीनं खाली बसतात. सुरुवातीला दोहोंपैकी ज्याचा साठा किंचित कमी असेल तो आधी संपतो, आणि दुसरा मग मोकळाच वाढत जातो. कॅल्शियम जास्त असेल तर कार्बोनेट संपतं आणि पुढे जिप्सम येतं. कार्बोनेट जास्त असेल तर कॅल्शियम संपतं आणि पाणी सोड्याच्या वाटेला लागतं. सुरुवातीचा फरक इतका थोडा असू शकतो की ताज्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये तो कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. आटण्याच्या शेवटी मात्र दोन तळी ओळखू न येण्याइतकी वेगळी झालेली असतात. बेसॉल्ट झिजतो तेव्हा पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेटही भरपूर येतं, म्हणून लोणार सोड्याकडे गेलं. शहराखालच्या आमच्या बोअरच्या पाण्यात सांडपाण्यातून झिरपलेलं क्लोराइड आणि सल्फेट मिसळलेलं असतं. तिथे पारडं दुसरीकडे झुकतं. कठीणता अल्कतेपेक्षा जास्त आहे की कमी, हे आम्ही रोज रिपोर्टमध्ये लिहितो. त्या दोन रकान्यांत एखाद्या तळ्याचं भवितव्य असतं हे मला लोणारच्या काठावर कळलं.

सोलापूर, जालना, चाकण कुठेही जुन्या सॉफ्टनिंग प्लांटमध्ये पाण्यात चुना आणि सोडा घालून कॅल्शियम गाळात उतरवत. लोणार तेच करत आलंय. वरून झऱ्याचं आणि पावसाचं पाणी कॅल्शियम घेऊन येतं, तळ्यातला सोडा त्याला पकडतो, आणि कार्बोनेट गाळात जातं. पाण्यात कॅल्शियम अगदी थोडं उरतं. माणसांनी या सोड्याचा उपयोग फार पूर्वीपासून केला. अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारला काच आणि साबण करण्याचा माल निघतो आणि त्यावर चांगला महसूल मिळतो, असं नोंदवलंय. पुढे इंग्रजी अमलातही इथल्या क्षाराचा व्यापार होता. दल्ला, पापडी, भुस्की अशा त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लाटूश आणि ख्रिस्ती यांनी तळ्याच्या भूविज्ञानावर अहवाल लिहिला. भाऊंच्या आजीनं कपड्यांना लावलेला खार हा त्या लांब व्यवहाराचा शेवटचा, घरगुती धागा.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते तळ्याच्या गाळानं. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि जर्मनीतल्या पॉट्सडॅमचं भूविज्ञान केंद्र यांच्या संशोधकांनी लोणारच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात गेल्या ११ हजार वर्षांच्या आसपासचा काळ थरांनी रचलेला आहे. कॅल्साइट, अरागोनाइट आणि डोलोमाइट त्यात आहेत. काही ठरावीक थरांत मात्र आणखी एक खनिज सापडलं, गेलुसाइट. सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही एकाच कार्बोनेटात, सोबत पाण्याचे पाच रेणू. हे खनिज गोड्या पाण्यात टिकत नाही. पाणी सोड्यानं अतिशय दाट झालं, तळं पार खाली गेलं, तरच त्याचे स्फटिक गाळात वाढतात. ते मिळाले दोन कालखंडांत. एक आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी. मान्सून दीर्घकाळ क्षीण होता याचा हा पुरावा म्हणून २०१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत मांडलाय.

दुसरा कालखंड वाचून मी थबकले. सातवाहनांच्या राज्यातून सुरू होऊन यादवांच्या अखेरीपर्यंत तो पसरलेला आहे. लेणी खोदली गेली, लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ आणि तळ्याकाठची देवळं उभी राहिली, लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी लिहिली गेली, हे सगळं त्याच काळात. या सगळ्या शतकांत पाऊसच नव्हता असा त्याचा अर्थ नाही. पण तळ्याची पातळी पुन्हा पुन्हा इतकी खाली जात होती की गाळात गेलुसाइट उगवत होतं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत राजे आहेत, दानपत्रं आहेत. पावसाची इतकी सलग नोंद मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

डोलोमाइटबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे ऋतूंचं काम सगळ्यात स्पष्ट दिसतं. या खनिजात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकाआड एक थरांत शिस्तीनं बसलेले असतात. तळं आटत जातं, कॅल्शियम आधी कॅल्साइटमध्ये खर्च होतं, आणि उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचं प्रमाण वाढतं. मग मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइट, अरागोनाइट, आणि परिस्थिती जुळली तर डोलोमाइट. पण प्रयोगशाळेत साध्या तापमानाला डोलोमाइट होता होत नाही. लिंटन लँड या शास्त्रज्ञानं हजारपट अतिसंपृक्त द्रावण ३२ वर्षं २५ अंशांना ठेवलं आणि १९९८ मध्ये लिहिलं की एक कणही झाला नाही. उलट दक्षिण ऑस्ट्रेलियात कूरोंगच्या किनाऱ्यालगत हिवाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्यात कोरडी पडणारी उथळ तळी आहेत, त्यांच्या गाळात आजही डोलोमाइट तयार होतं. ब्राझीलच्या लागोआ व्हर्मेल्या या खारकच्छात गाळातले सल्फेट वापरणारे जिवाणू त्याला मदत करतात, असं वास्कोन्सेलोस आणि मॅकेन्झी यांनी १९९५ मध्ये दाखवलं. आणि २०२३ साली मिशिगन आणि होक्काइडो विद्यापीठांच्या गटानं 'सायन्स'मध्ये त्याचं एक मर्म सांगितलं. डोलोमाइटची वाढ होताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चुकीच्या जागी बसतात आणि पुढची वाट अडवतात. पाणी सतत दाटच राहिलं तर ते अडथळे तसेच राहतात. मधूनमधून पाणी पातळ झालं, तर चुकीचे बसलेले अणू आधी विरघळून निघतात, जागा मोकळी होते, आणि पुन्हा दाट झालं की पुढचा थर नीट बसतो.

हे वाचलं तेव्हा मला आमचे टॉवर आठवले. थर रोखणाऱ्या फॉस्फोनेटचा डोस, ठरलेल्या सायकल, सेन्सरवर चालणारा ब्लोडाऊन, वर्षभर एकच आकडा धरून ठेवलेला. आमच्या थरांच्या नमुन्यांत कॅल्साइट मिळतो, अरागोनाइट मिळतो, सिलिका मिळते. डोलोमाइट मला अजून मिळालेला नाही. स्थिर ठेवलेल्या पाण्याला ते जमत नाही. भरणं आणि आटणं, पुन्हा भरणं आणि पुन्हा आटणं, यातला एक टप्पा काढून घेतला तर खनिजांचा हा सगळा संसार बंद पडतो.

म्हणून लोणारविषयी जे बोललं जातं त्यातलं काही मला खटकतं. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा सगळीकडे घबराट उडाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा आहे असं सांगितलं. पाणी कमी होऊन क्षार वाढले होते, पावसानंतर रंग गेला. तळं आटलं म्हणजे ते मरतंय, आणि भरलं म्हणजे वाचलं, असा एक साधा हिशोब लोकांच्या डोक्यात बसलेला आहे. इतर बहुतेक तळ्यांना तो लागू पडेल. लोणारला नाही. २०२० साली हे तळं रामसर यादीत आलं, त्यात त्याच्या या खाऱ्या, अल्कधर्मी स्वभावाचाही वाटा आहे. गावाचं सांडपाणी, वरच्या भागातून तळ्याकडे वळवलेलं पाणी, शेतातून खतं घेऊन येणारं पाणी यांनी गोड्या पाण्याचा ओघ सतत वाढत राहिला आणि तळ्याला आटायला मिळेनासं झालं, तर सोडा पातळ होईल, पीएच उतरेल, त्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव जागा सोडतील, आणि गाळात उतरणारं खनिजही बदलेल. तळं काठोकाठ भरलेलं दिसेल आणि लोणार मात्र त्यात राहणार नाही.

माझ्या धंद्यातली सवय म्हणून मला तिथे एकच गोष्ट नियमित व्हायला हवी असं वाटतं. वैशाखात आणि भाद्रपदात, दोन्ही वेळा, ठरलेल्या त्याच जागांवर पीएच, अल्कता, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड आणि पातळी, दरवर्षी, न चुकता. धारेच्या पाण्याचंही आणि गावाकडून येणाऱ्या ओहोळांचंही. नुसत्या पावसाळ्यातल्या नमुन्यावरून या तळ्याबद्दल काही सांगता येत नाही, आणि नुसत्या उन्हाळ्यातल्यावरूनही नाही. यासाठी लागणारी उपकरणं महाग नाहीत. भोसरीतल्या कुठल्याही लहान प्रयोगशाळेत ती असतात, आणि ही टायट्रेशनं करणाऱ्या मुली-मुलांपैकी निदान काही जण बुलढाणा-जालन्याकडूनच इथे आलेले आहेत.